कार्डावर 'पास' लिहिलं होतं

बेरा ही ऐकण्याच्या नसेची चाचणी. ती करायला मूल झोपलेलं लागतं, तेही गाढ. कपाळावर आणि कानांमागे इलेक्ट्रोड चिकटवून, कानात टकटक आवाज सोडून, नसेतून मेंदूकडे जाणारा अतिशय क्षीण विद्युत प्रतिसाद टिपायचा असतो. मूल नुसतं अंगठा चोखत राहिलं तरी पडद्यावर सगळा गोंधळ. म्हणून पालकांना बजावतो, रात्री उशिरा झोपवा, पहाटे उठवा आणि गाडीत डुलकी लागू देऊ नका. विरारहून निघालेलं मूल अंधेरीपर्यंत हमखास झोपतं आणि आमच्याकडे ताजंतवानं येतं. ही आई मात्र सव्वादोन वर्षांच्या पोराला दारापासच्या गर्दीत कडेवर घेऊन, स्टेशनं दाखवत, जागं ठेवून आली होती.

फाइलला जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड लावलेलं. कावीळ इतकी चढली की रक्त बदलावं लागलं, आठवड्याहून जास्त एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात. खाली ओएई या ऐकण्याच्या झटपट तपासणीची नोंद: दोन्ही कान पास. त्या एका शब्दावर सगळं घर विसंबून राहिलं. मुलगा 'आई'च्या पुढे बोलत नव्हता. आजी म्हणायची, याचा बापही उशिराच बोलला. घराजवळच्या डॉक्टरांनी मोबाइल बंद करायला सांगून वाटेला लावलं. आईचं म्हणणं वेगळंच होतं. "मॅडम, कधी ऐकतो, कधी नाही. कुकरच्या शिट्टीला वळतो. मी बोलते तेव्हा बघत राहतो, पण काय म्हणतेय ते त्याला लागतच नाही."

ते वाक्य मी फॉर्मवर जसंच्या तसं उतरवून घेतलं. निम्मं निदान त्यातच होतं.

आधीच्या भेटीत आवाजाकडे वळल्यावर काचेआडचं माकड उजळतं ती चाचणी झाली होती. हळू आवाजाला वळला आणि त्याहून मोठ्या आवाजाला ढिम्म. आता ओएई पुन्हा केली, पुन्हा पास. कानाच्या पडद्यामागे पाणी नाही, पडद्याची हालचाल बघणारा टिम्पॅनोग्राम स्वच्छ.

तो झोपल्यावर त्वचा घासून, पेस्ट लावून इम्पीडन्स, म्हणजे त्वचेचा विद्युत विरोध, पाच किलोओहमच्या खाली आणला. 90 डेसिबलला क्लिक दिले. आमची सगळी मदार असते ती पाचवी लाट, आवाज मेंदूच्या देठापर्यंत पोचल्याची खूण, आलीच नाही. सुरुवातीला मात्र बारीक, नियमित लहरी दिसत होत्या. 'तीव्र कर्णबधिरत्व' लिहून फाइल बंद करायची घाई इथेच होते, आणि भरलेल्या ओपीडीत तसं लिहिलंही जातं. मी क्लिकची पोलॅरिटी, म्हणजे आवाजाच्या दाबाची दिशा, उलटी केली. लहरी उलट्या झाल्या. मग कानात जाणारी नळी चिमटीत दाबून धरली. लहरी गायब. सोडली, परत हजर. म्हणजे त्या मशीनच्या नव्हत्या, त्याच्या कॉक्लियाच्या, म्हणजे आतल्या कानाच्या होत्या. कान आवाज नीट पकडत होता, पुढे नसेवर मात्र तो विस्कटत होता. ऑडिटरी न्यूरोपॅथी.

ओएई कॉक्लियातल्या बाहेरच्या केसपेशींपर्यंतच बघते. काविळीचा घाव त्यापुढे, नसेवर आणि मेंदूच्या देठाशी बसतो. एनआयसीयूत पाच दिवसांहून जास्त राहिलेल्या बाळाची पहिली तपासणी बेरानेच करा, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने 2007 सालीच सांगितलं आहे, आणि आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे. तरी ओएई चालते, कारण ती काही मिनिटांत उरकते. याचा मला राग येतो.

"म्हणजे माझं ऐकतो की नाही?" तिने विचारलं.

"आवाज पोचतो, ताई. शब्द सुटा होऊन पोचत नाही. तुम्ही सांगत होतात ते तंतोतंत खरं होतं."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो कार्डाकडे पाहत होता.

पुढे एमआरआय, नस कशी आहे ते बघायला. श्रवणयंत्र लावून बघायचं, थेरपी लगेच सुरू करायची. तेवढ्याने भागलं नाही तर कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायचं यंत्र. या आजारात पुष्कळ मुलांना त्याचा उपयोग होतो, आणि केंद्र सरकारच्या दिव्यांगांसाठीच्या एडिप योजनेतून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना त्यासाठी मदत मिळते. हे सगळं कागदावर मराठीत लिहून दिलं. निघताना ती म्हणाली, "पास लिहिणाऱ्यांनी अर्धंच तपासलंय एवढं तरी सांगायचं."

तिच्या परवानगीने त्या कार्डाची झेरॉक्स, नाव झाकून, मी आमच्या बालरोग विभागाला लिहिलेल्या पत्राला जोडली आहे. रक्त बदललेल्या प्रत्येक बाळाची घरी सोडण्याआधी बेरा व्हावी, आणि ती होईपर्यंत कार्डावर 'बेरा बाकी' असंच लिहावं, एवढीच मागणी केली आहे.