‘हो, चुकलंच’

‘मघाशी मी तुझ्यावर ओरडलो ना, ते चुकलं माझं.’

लिफ्टमध्ये एक बाबा सात-आठ वर्षांच्या लेकीला म्हणाला. तिने वरही पाहिलं नाही. ‘हो, चुकलंच.’ आणि लगेच, ‘बाबा, माझं दप्तर धर ना.’

तिचं ते उत्तर दिवसभर डोक्यातून जाईना. रुसवा नाही, लाडीगोडी नाही. विषय संपला, दप्तर धर. आमच्या लहानपणी मोठ्यांची माफी म्हणजे ‘चल, जेवून घे’. (तीही माफीच होती म्हणा, पण हे कळायला मोठं व्हावं लागलं.)

एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांनी आई आणि तान्ह्या बाळांचं वर्षानुवर्षं निरीक्षण केलं. दोघांचा सूर जुळलेला असतो तो जेमतेम ३० टक्के वेळ. उरलेला वेळ सूर चुकतो आणि पुन्हा जुळवला जातो. हे अगदी छान चाललेल्या जोड्यांचं बरं का! बाळाचा विश्वास या पुन्हा जुळवण्यातूनच तयार होतो, असं त्यांचं म्हणणं.

‘आमच्याकडे कधी भांडणंच होत नाहीत’ म्हणणाऱ्या घरांची मला तर जरा भीतीच वाटते.

तुमच्याकडे भांडणानंतर आधी कोण बोलतं? आणि दर वेळी तेच का?