आत्याच्या मडक्यातले वाल

पनवेल तालुक्यातलं आत्याचं शेत भूसंपादनात गेलं. मागे उरलं राखेत ठेवलेलं एक मडकं. त्यातले वाल तिने मला बिरड्यासाठी दिले. कोपरखैरण्याला आणून ताटात ओतले आणि भिजत घालायचा धीर होईना. बरेचसे दाणे विटकरी, काही फिकट पिवळट, थोडे जवळजवळ काळे. कडेची पांढरी रेघ तेवढी सगळ्यांना सारखी.

दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या जनुक बँकेत, म्हणजे बियाणं जपून ठेवतात तिथे, ते ठेवायचे असं ठरवलं, पण बी कमी होतं. आधी वाढवायला हवं, म्हणून घाईने जूनमध्येच मामेभावाच्या बांधावर निम्मं लावलं. वेल नुसते माजले. दसरा आला तरी फुलाचा पत्ता नाही, आणि पावसाच्या पाण्याने बरीच मुळं कुजली. आत्याला फार लागलं. "वाल भात कापल्यावर टाकतात गो," एवढंच म्हणाली. वालाला फुलायला लहान दिवस लागतात, हे मी तेव्हा शिकले. नोव्हेंबरात उरलेलं बी खाचरात, भाताच्या ओलीवर टाकलं. वरून पाण्याचा थेंब दिला नाही. फेब्रुवारीत शेंगा वाळल्या.

मग मी रंगांप्रमाणे दाणे निवडायला बसले. तीन वाट्या भरल्या. एका पैदासकार बाईंना फोटो पाठवला, तर त्यांचा लगेच फोन आला: पुन्हा एकत्र करा! एखादा दाणा रोगाला दाद देणार नाही, एखादा कमी ओलीत तग धरेल, कोणता ते आज सांगता येत नाही. नवं वाण तयार करणाऱ्याला हा सरमिसळपणाच हवा असतो. 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्याचं वाण म्हणून नोंदवायचं तर मात्र एकसारखेपणा दाखवावा लागतो. त्या वाटेला मी गेलेच नाही. तिन्ही वाट्या ताटात परत ओतल्या.

बाकी काम सोपं: सावलीत वाळवणं, कसलीही पावडर न लावणं, ओल्या फडक्यात शंभर दाणे रुजवून पाहणं. फॉर्मवर गाव, अक्षांश-रेखांश, स्थानिक नाव. 'कडवे वाल' लिहिलं. गावाच्या रकान्यात आत्याचं जुनं गाव.

बँकेतल्या नोंदीचा आयसी क्रमांक मिळाला तेव्हा तिला फोनवर वाचून दाखवला. तिने विचारलं, "तिथे भुंगा नाही ना लागायचा?"

तिथल्या उणे 18 अंशात नाही लागत, म्हटलं. तरी मडक्यात नवं बी भरताना तिने राख घातलीच.