मेसिएच्या यादीत नसलेला गुच्छ

टेलिस्कोप घेतला की बहुतेक जण मेसिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या यादीमागं लागतात, तेजोमेघ, तारकागुच्छ असे ११० ऑब्जेक्ट्स, एकेकावर टिक करत जायचं. यादी चांगलीच आहे, मीपण तिच्यावरच शिकलो, मृगातला तेजोमेघ एम४२, कृत्तिका, पुष्यातला एम४४ सगळं तिच्यातलंच. पण ती १८व्या शतकात मुख्यतः पॅरिसमधून केलेली, त्यामुळं पॅरिसच्या क्षितिजाच्या वर जे कधी येतच नाही ते तिच्यात नाही. लातूर साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे, आपल्याला दक्षिणेचं आकाश खूप खालपर्यंत दिसतं आणि नेमकं तेच बघायचं राहून जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ओमेगा सेंटॉरी बघा एकदा. मेच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री साडेदहा-अकराला चित्रा ही ठळक तारका बरोबर दक्षिणेच्या रेषेवर येते, तिथून सरळ खाली यायचं, हात लांब करून साडेतीन मुठी. अंधार चांगला असला तर नुसत्या डोळ्यांनीही एक धूसर तारा दिसतो. तो तारा नाहीये, गोलाकार तारकागुच्छ आहे, आपल्या आकाशगंगेतला सगळ्यात मोठा, अंदाजे एक कोटी तारे, १७ हजार प्रकाशवर्षं लांब. धूमकेतूवाल्या हॅलीनं १६७७ मध्ये सेंट हेलेना बेटावर जाऊन त्याची नोंद केली, आपल्याला फक्त शेतात जायचंय!

मी औशाच्या पुढं जातो, लातूरचा उजेड उत्तरेला पाठीमागं राहतो आणि समोरची दक्षिण मोकळी. गावातल्या हायमास्टपासून लांब बसा, अर्धा तास मोबाईल खिशातच राहू द्या, डोळे अंधाराला सरावले पाहिजेत. आठ इंची डॉब्सोनियनला (साध्या स्टँडवरचा आरशाचा टेलिस्कोप) २५ एमएमचा आयपीस, म्हणजे डोळ्याकडचं भिंग, लावला की आधी नुसता भुरकट गोळा, मग जास्त मोठं दाखवणारा १० एमएम लावून नजर जरा बाजूला ठेवून बघत राहिलं की तारे सुटे होत जातात, काळ्या घोंगडीवर ज्वारीचं पीठ सांडावं तसे, आणि मधे इतके दाट की पार मधल्यांत एकेक तारा वेगळा होतच नाही. फोटोत हे कळत नाही, खरंच नाही कळत.

एप्रिलच्या सुरुवातीला जमलं तर साडेदहाच्या आसपास आणखी खाली कॅरिना तेजोमेघ पण बघा, मृगातल्यापेक्षा मोठा आहे. क्षितिजापासून जेमतेम १२ अंश वर येतो, तेव्हा दक्षिणेला झाडी नसलेला बांध बघून ठेवा.