रिचमंड १८६२ मध्येच पडलं असतं तर

फोर्टात हेरिटेज वॉक घेताना राजाबाई टॉवरपाशी माझं एक ठरलेलं वाक्य असतं: अमेरिकेतलं यादवी युद्ध वर्षभरात आटोपलं असतं, तर हा टॉवर बहुतेक दिसलाच नसता. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत प्रेमचंद रायचंद यांनी अफाट कमावलं आणि टॉवरला आईच्या नावाने देणगी दिली. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव गडगडले, त्यांच्यासकट भलेभले बुडाले.

त्या रविवारी पुण्याचे एक काका म्हणाले, "लवकर संपतं तर बरंच होतं की! सहा लाखांवर माणसं मेली त्यात."

ग्रुपमध्ये व्हर्जिनियाच्या एक कृष्णवर्णीय निवृत्त शिक्षिका होत्या. मी त्यांना काकांचं म्हणणं इंग्रजीत सांगितलं. बाईंनी ओव्हल मैदानाच्या कडेला छत्रीच्या टोकाने मातीत दोन नद्या ओढल्या, यॉर्क आणि जेम्स. या दोघींमधल्या चिंचोळ्या पट्ट्यातून उत्तरेचा सेनापती मॅक्लेलन लाखभर फौज घेऊन मे १८६२ मध्ये दक्षिणेच्या राजधानीच्या, म्हणजे रिचमंडच्या वेशीशी आला होता. पण तो कच खात राहिला. दक्षिणेचा सेनापती जॉन्स्टन जखमी झाला, त्याच्या जागी ली आला आणि त्याने आठवड्याभराच्या लढायांत या फौजेला मागे रेटलं.

"तेव्हाच रिचमंड पडलं असतं, तर आमचं काय झालं असतं?" बाईंनी विचारलं. लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा निघाला सप्टेंबरात, अँटिएटमच्या लढाईनंतर. गुलामगिरी मोडायला आपण लढत नाही, असा ठराव अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने १८६१ मध्येच केलेला. मॅक्लेलनही त्याच मताचा. म्हणजे समेट झाला असता तो जुन्याच घडीवर, आणि चाळीस लाख माणसं गुलामच राहिली असती.

काका हटेनात. "कायमची थोडीच?"

"ब्राझीलमध्ये १८८८ पर्यंत होती," बाई म्हणाल्या.

मला त्यांचं सगळंच पटलं नाही. वॉशिंग्टन शहरातली गुलामगिरी एप्रिल १८६२ मध्येच कायद्याने संपली होती. उत्तरेची छावणी जवळ आली की गुलाम मळे सोडून तिकडे पळत. त्या सगळ्यांना पुन्हा मालकाच्या ताब्यात देणं सोपं गेलं नसतं. पण पुढे सुमारे एक लाख ऐंशी हजार कृष्णवर्णीय उत्तरेच्या फौजेत लढले. नागरिकत्व आणि मताधिकार मागताना हीच वर्दी त्यांच्या कामी आली, आणि ती त्यांच्या अंगावर चढली मुख्यतः १८६३ नंतर.