कोरी चिप कोरी दिसत नाही

"साहेब, काल तुमी नवीन प्रोग्राम टाकून गेलाय न्हवं? तिसऱ्या स्टेशनचा माल गेजात बसंना झालाय." कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मशिनशॉपच्या मिस्त्रींचा फोन. आवाज अगदी शांत होता, म्हणूनच मला घाम फुटला.

मशिन म्हणजे कास्टिंगला भोकं पाडणारं एक एसपीएम, म्हणजे त्या एकाच कामासाठी बनवलेलं मशिन. आठ स्टेशनांचं, म्हणजे आठ थांब्यांचं, टप्प्याटप्प्याने फिरणारं गोल इंडेक्सिंग टेबल, आणि ते किती फिरलं हे मोजणारं कार्ड माझं. त्यावर ईपीएम ५७० ही सीपीएलडी (आतलं लॉजिक आपण भरायचं अशी) चिप आहे, अल्टेराच्या मॅक्स टू मालिकेतली. फिरणं पल्समध्ये मोजणारा एन्कोडर टेबल फिरवणाऱ्या वर्म शाफ्टवर बसवलाय : २,५०० लाइनचा, चौपट मोजला की १०,०००, आणि गिअर १ ला ४०. म्हणजे टेबलाच्या एका फेरीला ४ लाख पल्स. मध्यापासून २०० मिलिमीटरवर एक पल्स म्हणजे जेमतेम ३ मायक्रॉन.

कुठलंच टेबल अगदी बरोबर आठ भागांत वाटलेलं नसतं. म्हणून मशिन उभं करताना आम्ही प्रत्येक स्टेशनला डायल (बारीक अंतर दाखवणारं काट्याचं मापक) लावून चूक मोजतो आणि तेवढे पल्स अधिक-उणे करायला चिपमध्ये लिहून ठेवतो. कुठे +१४, कुठे −२२. हे आठ आकडे त्या एकाच मशिनचे असतात, शेजारच्या मशिनला चालत नाहीत.

प्रोग्राम बदलायचं कारण साधं होतं. पॅनेलशेजारी वेल्डिंग सुरू झालं की एन्कोडरच्या वायरीत खोट्या पल्स शिरायच्या आणि टेबल सरकायचं. लागोपाठ तीन वेळा सिग्नल सारखाच दिसला तरच तो खरा धरायचा, असा फिल्टर मी लॉजिकमध्ये घातला. अशी अकरा कार्डं उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगावात मिळून चालू होती. पहिलं हे.

लॉजिक लिहिलं, चिपमध्ये भरायची पीओएफ फाईल केली, लॅपटॉप आणि कार्ड जोडणारा यूएसबी ब्लास्टर लावला, सगळ्यावर टिक मारून स्टार्ट दाबलं. शंभर टक्के, हिरवी पट्टी. व्हेरिफायही पास. मी घरी.

या चिपच्या पोटात फ्लॅशचे दोन कप्पे असतात. सीएफएममध्ये लॉजिक राहतं. यूएफएम हा ८,१९२ बिटांचा छोटा कप्पा वापरणाऱ्यासाठी मोकळा सोडलेला, माझे आठ आकडे त्यात. पण क्वार्टस (अल्टेराचं सॉफ्टवेअर) जी पीओएफ करतं तिच्यात दोन्ही कप्पे असतात आणि काही न सांगता दोन्ही लिहिले जातात. माझ्या फाईलमधला यूएफएम कोरा होता, म्हणून चिपमधलाही कोरा झाला. आणि व्हेरिफाय? ते बिचारं फाईल आणि चिप ताडून बघतं. कोऱ्याशी कोरं जुळलं, पास.

तरी मशिन थांबायला नको होतं का? नाही थांबलं, आणि यात चूक सर्वस्वी माझी. फ्लॅश पुसली की सगळे बिट १ होतात. सोळाच्या सोळा बिट १, हे चिन्हासकट वाचलं की आकडा येतो −१. म्हणजे आठही स्टेशनांना "एक पल्स मागे" असा अगदी सभ्य ऑफसेट मिळाला. अलार्म नाही, लाल दिवा नाही. जिथे −२२ हवे होते तिथे भोक साधारण ६५ मायक्रॉन सरकलं. आकडे मी कुठे उतरवूनही ठेवले नव्हते. ते परत काढायला दुपारपासून दिवेलागणीपर्यंत मिस्त्री आणि मी डायल घेऊन टेबलाभोवती प्रदक्षिणा घालत होतो. मिस्त्री एवढंच म्हणाले, "वहीत लिवलं असतं तर वही पुसली नसती."

बाकीच्या दहांना हात लावण्याआधी मी मॅन्युअल नीट वाचलं. प्रोग्रामरच्या खिडकीत पीओएफची ओळ उलगडली की सीएफएम आणि यूएफएम अशा दोन ओळी दिसतात, आणि टिक वेगवेगळी मारता येते. इतकी वर्षं ती ओळ मी उलगडलीच नव्हती! आधी फक्त यूएफएमवर एक्झामिन करून, म्हणजे चिपमधलं वाचून, जुने आकडे फाईलमध्ये घ्यायचे, मग फक्त सीएफएमवर प्रोग्राम आणि व्हेरिफाय.

मध्ये एक धास्ती होती. माझं लॉजिक कुणी उचलू नये म्हणून मी सिक्युरिटी बिट लावलेला. मग मलाच वाचता येईल का? तो बिट सीएफएमवर पहारा देतो, यूएफएमवर नाही, त्यामुळे आकडे निघाले. (याचा अर्थ यूएफएममध्ये गुपित ठेवायचं नसतं.)

दुसरी गोष्ट माझ्या कामाच्या टेबलावर कार्ड तपासताना कळली. प्रोग्राम चालू असताना रिले खट्कन ओढला. त्या वेळात चिपच्या पिना मोकळ्या सुटतात आणि त्यांना हलका पुल-अप लागतो, म्हणजे त्या हायकडे ओढल्या जातात. माझा क्लॅम्पच्या सोलेनॉइडचा (विजेवर चालणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हचा) ड्रायव्हर नेमका हाय सिग्नलवर चालू होणारा. मशिनवर हे झालं असतं तर क्लॅम्प उघडून कास्टिंग कुणाच्या पायावर आलं असतं. तेव्हापासून लॅपटॉप उघडण्याआधी हवेचा व्हॉल्व्ह बंद.

नवीन लॉजिकमध्ये मी एक खूण घातली. ठरलेला एक शब्द (सोळा बिटांचा आकडा) आणि आठ आकड्यांची बेरीज जुळली नाही तर टेबल फिरणारच नाही. पण जुन्या कार्डांत ही खूण नव्हती. एकेक शब्द पुसता येत नाही, अख्खा सेक्टर पुसावा लागतो, आणि पुसून लिहिण्याच्या मध्ये लाईट गेली तर परत डायल. उद्यमनगरात लाईट जायला मुहूर्त लागत नाही. सुदैवाने यूएफएमचे सेक्टर दोन, प्रत्येकी ४,०९६ बिटांचे, आणि माझा दुसरा रिकामा होता. म्हणून सेटिंग मोडमध्ये सेव्ह दाबलं की जुने आकडे खुणेसकट दुसऱ्या सेक्टरमध्ये लिहायचे आणि पहिल्याला हात लावायचा नाही, असं केलं. वारंवार लिहायचा मोहही टाळला. या चिपला पुसण्या-लिहिण्याची हमी १०० वेळांची आहे.

नऊ कार्डं अशी विनातक्रार झाली. मिस्त्रींनी शिकवल्याप्रमाणे प्रत्येक पॅनेलच्या दारात आतून आठ आकड्यांचा कागद चिकटवला.

शेवटचं कार्ड गोकुळ शिरगावचं. एक्झामिन केलं, तर यूएफएममध्ये सगळीकडे एफएफएफएफ, म्हणजे सगळे बिट १, कोरं. मी अजून काहीच पुसलं नव्हतं. डोकं खाजवल्यावर आठवलं, दोन वर्षांपूर्वी याच कार्डावर मी घाईत एक छोटी दुरुस्ती टाकून गेलो होतो. सगळ्यावर टिक मारून.

"दोन वर्षं माल कसा पास होतोय?" मी तिथल्या फिटरला विचारलं. त्याने टेबल हाताने फिरवून दाखवलं. तिसऱ्या, सहाव्या आणि सातव्या फिक्श्चरच्या बगलेला पितळी शिम (पातळ पट्ट्या) कोंबल्या होत्या, कापून, घासून, अगदी बेतशीर. "तुमचं कार्ड बरोबरच असणार म्हणलं, टेबलच झिजलं असंल," तो म्हणाला.

शिम तशाच राहू दिल्या. आठ शून्यं लिहिली आणि सेव्ह दाबलं.