हॅश सम मिसमॅच

आज अख्खा दिवस फोंड्यातल्या शाळेच्या लॅबमध्ये गेला. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता आणि आत वीसही मशीनवर एकच एरर: हॅश सम मिसमॅच, म्हणजे उतरवलेल्या फाइलीचा पडताळणीचा आकडा जुळत नाही.

इथलं इंटरनेट बेताचंच. म्हणून कोपऱ्यातल्या जुन्या पीसीवर एपीटी-कॅशर-एनजी बसवलाय, म्हणजे पॅकेजेस (सॉफ्टवेअरच्या फाइली) साठवून ठेवणारा प्रॉक्सी. एका मशीनने पॅकेज उतरवलं की बाकीच्यांना ते ३१४२ पोर्टवरून घरातल्या घरात मिळतं. मुलांचा तास वाया जात नाही, मला त्याचंच अप्रूप.

आधी केबल तपासली, मग स्विच. शेवटी डिस्क पाहिली तर १०० टक्के भरलेली! जागाच नाही म्हटल्यावर फाइली अर्धवट उतरत होत्या आणि तेच तुकडे सगळ्यांना वाटले जात होते.

पण भरली कशी? जुनी पॅकेजेस रोज आपोआप साफ व्हायला हवीत. लॉग वाचत बसलो, दोन तास. एका मशीनवर अजून उबुंटू २३.०४ (लिनक्सची जुनी आवृत्ती) होतं. त्याचा सपोर्ट जानेवारी २०२४ मध्येच संपला, रिपॉझिटरी (पॅकेजेसचा साठा) जुन्या आवृत्त्यांच्या सर्व्हरवर हलली. जुन्या पत्त्यावर पॅकेजेसची यादी मिळेना, आणि एक जरी यादी ताजी झाली नाही तर हा प्रॉक्सी साफसफाईच थांबवतो. नको ते पुसलं जाऊ नये म्हणून. बरोबरच आहे त्याचं.

ती जुनी यादी काढली, अर्धवट फाइली पुसल्या, सफाई हाताने चालवली. लॅबच्या ताई म्हणाल्या, "सर, आता तरी चहा घ्या." तेवढ्यात शेवटच्या बाकावरचा मुलगा ओरडला, "सर, झालं इन्स्टॉल!"

उद्या ते २३.०४ वालं मशीन नव्याने बसवायचंय.