मस्टँगच्या टाकीचं झाकण

माझ्या 1966च्या फोर्ड मस्टँगचं दुखणं चमत्कारिक होतं. गावात कितीही फिरवा, तक्रार नाही. हायवेला लागलं की वीसेक मिनिटांत आचके देत बंद. कडेला घेऊन जरा थांबलं की परत सुरू. इथे न्यू जर्सीत जुन्या गाड्यावाल्यांचं निदान ठरलेलं: वेपर लॉक, म्हणजे उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होणं. त्यावर नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावणारेही आहेत! पण ऐन गारठ्यातही गाडी थांबली, तेव्हा माझा त्या निदानावरचा विश्वास उडाला.

पुढच्या वेळी बॉनेट उघडायच्या आधी मागे जाऊन टाकीचं झाकण फिरवलं. फुस्सकन हवा आत गेली आणि गाडी लगेच सुरू झाली.

इंजिनवरचा पंप पेट्रोल ओढतो, तेवढी हवा टाकीत यायला हवी. या मॉडेलमध्ये तिची वाट झाकणातूनच. पुढे पेट्रोलचं बाष्प बाहेर सोडायला बंदी आली, 1970 साली कॅलिफोर्नियात आणि 1971 पासून देशभर. मग बाष्प ते शोषून घेणाऱ्या कोळशाच्या डब्यात जाऊ लागलं आणि झाकणं हवाबंद झाली. आधीच्या मालकाने तसलंच बसवलं होतं. दिसायला झकास, बसायला चपखल, त्यामुळे संशय येणार कसा?

नवं घेताना कॅटलॉगमध्ये डोकं गरगरलं. क्रोमची चमक, घोड्याचं चिन्ह, चोरी होऊ नये म्हणून तार लावलेलं, न लावलेलं. ‘व्हेंटेड’, म्हणजे हवेला वाट असलेलं, हा शब्द मात्र बारीक अक्षरात. त्यातही काही झाकणं हवा फक्त आत घेतात. कोळशाचा डबा नसलेल्या गाडीला ती नकोत. उन्हात टाकीत दाब वाढला की पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे ते हवेत मिसळून इंजिनला देणाऱ्या भागात, रेटलं जातं आणि तिथे गरजेपेक्षा जास्त साचतं. मला दोन्हीकडून श्वास घेणारं हवं होतं. नवंकोरं झाकण हातात आल्यावर तोंडाने फुंकून आणि ओढून पाहिलं. छापील वर्णनापेक्षा मी या परीक्षेला जास्त मानतो. आतलं रबर इथेनॉल सोसणारं आहे ना, हेही विचारून घेतलं. इथल्या पेट्रोलमध्ये बहुतेक ठिकाणी 10 टक्के इथेनॉल असतं आणि जुनी वायसरं त्याने फुगतात.

हायवेचा त्रास गेला. पण या गाडीत पेट्रोल भरायचं तोंड मागे, बरोबर मध्यावर. टाकी काठोकाठ भरून जोरात निघालं की झाकणातून थेंब उडून खालच्या रंगावर ओघळ येतात. म्हणून 16 गॅलनच्या टाकीत मी थोडी जागा ठेवतो.

गॅरेजमध्ये पेट्रोलचा वास मात्र येतोच, अशा झाकणाचा तो स्वभाव आहे. आमचा गॅसवरचा वॉटर हीटर गॅरेजमध्येच, त्याची पायलटची म्हणजे बर्नर पेटवणारी छोटी ज्योत कायम पेटती. त्यामुळे मस्टँग आता बाहेर शेडखाली असते आणि गॅरेजमध्ये बायकोची होंडा.